मदत हवी आहे: मेगाराविरुद्धच्या ठरावाला किती महत्त्व द्यावे?

नमस्कार मंडळी,

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनेशियन युद्धाच्या (इ.स.पू. 431 ते 404) कारणांविषयी वाचताना एका मुद्द्यावर अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अथेन्सचे वाढते सामर्थ्य आणि त्याची स्पार्टाने घेतलेली धास्ती हेच युद्धाचे खरे कारण, कॉर्किरा आणि पोटिडिया या नगरांवरून झालेले तंटे हे वरवरचे, ही त्या काळचा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस याची मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे. मेगाराच्या (अथेन्सशेजारचे, स्पार्टाच्या गोटातील नगरराज्य) लोकांना अथेन्सचा बाजारचौक आणि अथेन्सच्या साम्राज्यातील बंदरे बंद करणारा अथेन्सचा ठराव मात्र तो ओझरता उल्लेखून पुढे जातो. आणि तरीही, तेवढा ठराव मागे घेतला तर युद्ध टळेल, असे स्पार्टाच्या दूतांनी अथेन्सला बजावल्याची नोंद त्याचीच आहे.

पुढच्या इतिहासकारांना ही विसंगती खुपलेली दिसते. कॉर्नफर्डने 1907 मध्ये अथेन्सच्या पिरियस बंदरातील व्यापाऱ्यांच्या हितसंबंधांवर बोट ठेवले. डोनाल्ड केगनने 1969 मध्ये युद्ध अटळ नव्हतेच, नेत्यांचे अंदाज चुकत गेले, असे म्हटले. सर्वांत धाडसी भूमिका 1972 मधील सेंट क्रॉय यांची: मेगाराने देवस्थानची जमीन कसल्याबद्दलची ही धार्मिक शिक्षा होती, बंदी फक्त मेगाराच्या नागरिकांवर होती, परक्या व्यापाऱ्यांमार्फत माल येत-जात राहू शकत होता, आणि युद्धाचा दोष स्पार्टाकडेच जातो.

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण अथेन्सचा प्रहसनकार अ‍ॅरिस्टोफेनिस आडवा येतो. त्याच्या इ.स.पू. 425 च्या नाटकात मेगाराचा एक उपाशी माणूस स्वतःच्या मुलींना डुकराची पिल्ले म्हणून पोत्यात घालून विकायला आणतो. तोवर अथेन्सचे सैन्य दरवर्षी मेगाराचा मुलूख उजाड करत होते, त्यामुळे ही उपासमार ठरावाच्या खाती टाकता येत नाही, हे मान्य. परंतु त्याच नाटकाचा नायक, भुकेने बेजार झालेल्या मेगाराने युद्धापूर्वीच ठराव उठवण्यासाठी स्पार्टाला गळ घातली, असेही सांगतो. प्रेक्षकांत तो काळ पाहिलेले लोक बसलेले असताना निव्वळ धार्मिक शिक्षेवर हा विनोद कसा खपला असता? माझा कल त्यामुळे व्यापारी कोंडीच्या बाजूने आहे.

ठरावाचा मूळ मजकूर उपलब्ध नसताना प्रहसनातील अशा विधानाला पुरावा म्हणून कितपत वजन द्यावे? तसेच सेंट क्रॉय यांच्या मताचे सविस्तर खंडन किंवा समर्थन कोणी केले असल्यास कृपया सुचवावे. इंग्रजी लेखनही चालेल.