सोलापूरचा पैसा प्लॉटमध्येच का अडकतो?

जुळेसोलापूरकर:
चार पैसे हातात आले की आपल्याकडं माणूस आधी प्लॉट बघतो, मग गावाकडं दोन एकर. दोष त्याचा नाही, करांचे नियमच त्याला तिकडं ढकलतात. १९६१च्या आयकर कायद्यात कलम ५४एफ होतं: शेअर किंवा सोनं विकून आलेला पैसा घरात घातला की भांडवली नफ्यावर कर माफ. नव्या कायद्यातही ती सवलत राहिली. उलट घर विकून नव्या कंपनीत पैसा घालणाऱ्यासाठीचं ५४जीबी ३१ मार्च २०२२ला संपलं. कारखान्यातल्या संशोधनावरच्या खर्चाला करपात्र उत्पन्नातून २०० टक्के, म्हणजे खर्चाच्या दुप्पट वजावट मिळायची, ती २०१७मध्ये १५० आणि २०२०पासून १०० टक्क्यांवर आली. नव्या कंपन्यांत येणाऱ्या गुंतवणुकीवरचा एंजल टॅक्स काढला, २०२५मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना आली, हे चांगलंच झालं. पण नफा घरात घातला तर माफी आणि नव्या धंद्यात घातला तर काही नाही, हे आधी उलटं करा. आणि शेतीचं उत्पन्न सरसकट करमुक्त का?

सांगोला_डाळिंब:
बोट आमच्याकडं कशाला? डाळिंबावरचा तेल्या रोग आणि खोड पोखरणारा पिन होल बोरर किडा यांनी तालुक्यातल्या किती बागा उपटायला लावल्या ते येऊन बघा. कर भरायला आधी उत्पन्न हातात राहावं लागतं. आणि संशोधन म्हणजे फक्त मोबाईलचं ॲप नव्हे. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रानं ‘सोलापूर लाल’ वाण काढला, तेही संशोधनच. शेती वेगळी आणि नवनिर्मिती वेगळी, ही मांडणीच मला मान्य नाही.

जुळेसोलापूरकर:
दादा, दोन एकर डाळिंबवाल्याबद्दल मी बोलतच नाही. शेतीवरच्या करासाठी अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांची समिती १९७२मध्ये नेमली, तिनं मोठ्या जमीनधारणेवर कर सुचवला होता. शेतीवरचा आयकर राज्यांच्या अखत्यारीत, म्हणून कुणी हात लावत नाही. उजनीच्या पाण्यावर शेकडो टन ऊस घालणारा आणि कोरडवाहू ज्वारीवाला एकाच माफीत बसतात. सातबारा दाखवून धंद्याचं उत्पन्न शेतीत घालणारेही त्यातच.

टॉवेल_अक्कलकोटरोड:
मी यंत्रमागवाला. तुमचं करांचं गणित बरोबर असेल, पण मूळ अडचण तुम्ही धरलीच नाही. माझ्याकडं साधे शटलचे माग होते. पानिपतच्या मिंक ब्लँकेटनं आपल्या चादरीचं मार्केट खाल्लं, तेव्हा रॅपिअर, म्हणजे बिनशटलचे वेगवान माग, घ्यायचं ठरवलं. बँकेत गेलो तर ऑर्डर कुणी बघितल्या नाहीत, डिझाइन कुणी बघितलं नाही. एकच प्रश्न, तारण काय? लघुउद्योगांना विनातारण कर्जाची सरकारी हमी आहे, २०२५पासून १० कोटींपर्यंत, पण आमच्या शाखेत ती कुणी समजावूनही सांगितली नाही. शेवटी वडिलांचा प्लॉट गहाण पडला, म्हणून माग आले. ज्याला तुम्ही अडकलेला पैसा म्हणता, त्यावरच माझं नवं मशीन उभं आहे. प्लॉटवर कर वाढवाल तर आधी माझ्यासारखाच मरेल.

निवृत्त_गुरुजी:
शिकवणीवर्ग, पोरीचं लग्न, म्हातारपणीचं दुखणं, सगळ्याला आमचा एकच प्लॉट आहे. तो विकून अनोळखी पोराच्या कंपनीत मी पैसे घालणार नाही, सवलत कितीही द्या.

हिंजवडीतला_सोलापूरकर:
सवलतीशिवायही होतं की. इंजिनाचे कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२पासून आपल्याच गावात आहे आणि तिथला माल परदेशी गाड्यांत जातो. अशा चार कंपन्या असत्या तर मी रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नसतो.

जुळेसोलापूरकर:
टॉवेलवाल्यांचा मुद्दा मला पटला. हमी कागदावरच राहिली तर कर बदलून काही होणार नाही. ती हमी मागताना किती अर्ज आले, किती नाकारले आणि का, हे शाखेबाहेर लावायला भाग पाडलं पाहिजे. घरासाठीची कर माफी काढायचा मुद्दा मात्र मी सोडायला तयार नाही. गुरुजी प्लॉट विकून पैसा लग्नाला, दुखण्याला वापरणार, त्यांना ती माफी तशीही मिळत नाही.

सांगोला_डाळिंब:
पन्नास एकर ऊसवाल्याला कर लावा, माझी हरकत नाही. पण तो पैसा तेल्यावर औषध शोधायला केगावला जाणार असेल तरच. मुंबईच्या कुठल्या कंपनीसाठी आम्ही कर भरणार नाही.