मदत हवी आहे: मांजरीला सहा बोटं, पण जनुक म्हणे धडधाकट!

मंडळी, आमच्या भाटीच्या, चिंगीच्या, पुढच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं आहेत. जादा बोट अंगठ्याच्या बाजूला, त्यामुळे बसली की हातमोजे घातल्यासारखी दिसते. महिन्यापूर्वी चार पिल्लं झाली, त्यातली दोन तशीच. लेक बारावीला आहे, प्रोजेक्ट यावरच करणार म्हणून हटून बसलीय. समजावायचं मी, आणि मी बी.कॉम.!

वाचून इतकं कळलं की अमेरिकेत फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ गावी लेखक हेमिंग्वेच्या घरी अशी मांजरं आहेत. त्यांच्या डीएनएत एकच अक्षर बदललेलं, ‘ए’च्या जागी ‘जी’, हे 2008 मध्ये छापून आलं. पण बदल बोटांच्या जनुकात (नाव सॉनिक हेजहॉग, खरंच!) नाहीच. तो तिथून आठ-दहा लाख अक्षरं लांब, भलत्याच जनुकाच्या पोटात. इतक्या लांबून हुकूम चालतो कसा? आणि हेच जनुक मेंदूही घडवतं, तर चिंगीचं बाकी सगळं जागच्या जागी कसं?

प्रतिसाद १:
ताई, डीएनए दोरीसारखा ताणलेला नसतो, गुंडाळलेला असतो. त्यामुळे लांबचा तुकडा जनुकाजवळ येतो. या तुकड्याला झेडआरएस म्हणतात, जनुक चालू करणारं बटणच म्हणा. तो फक्त गर्भाच्या हातापायांच्या कोंबात काम करतो, तेही करंगळीच्या बाजूला. अक्षर बदललं की अंगठ्याच्या बाजूलाही जनुक थोडं चालू होतं आणि तिथे बोट फुटतं. मेंदूसाठी बटणं वेगळी, ती शाबूत. उंदरांमधून हा तुकडाच काढला तर पाय खुंटले, बाकी शरीर ठीक. 2016 मध्ये तर उंदरात सापाचा झेडआरएस घातला, तेव्हाही पाय खुंटलेच. लेकीला हे नक्की सांगा.
बदललेली एकच प्रत पुरते, म्हणून सरासरी निम्मी पिल्लं तशी. चारात नेमकी दोन हा मात्र योगायोग.

प्रतिसाद २:
शास्त्र राहू द्या, नखं बघा. जादा बोटाचं नख जमिनीला घासत नाही, वाढून पंजाच्या गादीत रुततं. आमच्या बोक्याला पू झाला होता.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. बटणांचं लेकीला लगेच पटलं. डाव्या पायाचं नख खरंच आत वळलंय. चिंगीचं पिल्लांना दूध पाजून झालं की नेलकटर घेऊन बसते, तोवर ती हात लावू देणार नाही.