जॉयस्टिकवर फिरणारा कॅमेरा झटके देतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या नाट्यगटाच्या एकांकिकांचं चित्रीकरण मी एकटाच करतो. शेवटच्या रांगेमागे फुल-फ्रेम कॅमेरा, त्याला २०० एमएमची लेन्स. एवढ्या झूमला हाताने पॅन केलं (कॅमेरा आडवा फिरवला) की थरथर दिसतेच, म्हणून मोटरवर फिरणारं हेड बनवलंय.

आर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), नेमा १७ स्टेपर (पायरीपायरीने फिरणारी मोटर), ती चालवणारा ए४९८८ ड्रायव्हर १/१६ मायक्रोस्टेपवर (एका पायरीचे १६ भाग), बेल्टने १:४ (मोटरच्या चार फेऱ्यांना हेडची एक), आणि अंगठ्याने चालवायची साधी जॉयस्टिक. कोडमध्ये मोटर चालवणारी अ‍ॅक्सेलस्टेपर लायब्ररी वापरतोय: लूपमध्ये दर फेरीला अ‍ॅनालॉगरीड (जॉयस्टिक वाचणं), त्यावरून सेटस्पीड (वेग ठरवणं), मग रनस्पीड (त्या वेगाने मोटर चालवणं).

दांडी जराशी ढकलली की कॅमेरा धक्का देऊन निघतो, सोडली की तसाच थबकतो. सेटअ‍ॅक्सेलरेशनमध्ये (वेग किती झपाट्याने बदलावा ते) कितीही आकडे बदलले तरी ढिम्म फरक नाही. हात न लावताही हेड हळूच सरकतं. दांडी मध्यावर असताना ५१२ यायला हवेत, पण आकडा सतत हलत असतो. आणि सर्वात जास्त खटकतं ते हे: नट विंगेतून सावकाश चालत येतो, नेमकं तेव्हाच चित्र पायरीपायरीने सरकतं. प्रयोग पुन्हा होत नाही हो, तो क्षण हातचा जातो. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

सेटअ‍ॅक्सेलरेशन फक्त लायब्ररीचं ‘रन’ फंक्शन वापरताना लागू होतं. रनस्पीड त्याकडे बघतच नाही. तेव्हा वेगाचे चढउतार कोडमध्ये तुम्हीच लिहा. जॉयस्टिकवरून ‘हवा असलेला वेग’ काढा आणि दर १० मिलिसेकंदांनी चालू वेग त्याच्याकडे ठरावीक आकड्याने सरकवा. जॉयस्टिकही तेव्हाच वाचा, रनस्पीड मात्र दर फेरीला. कोडमध्ये सीरियल प्रिंट (संगणकाला आकडे पाठवणं) असेल तर काढून टाका. ९६०० बॉड या पाठवण्याच्या वेगाला एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद जातो.

सुरू होताना मध्याचा आकडा मोजून घ्या, त्याच्या आजूबाजूचे २५ शून्य धरा आणि वेग त्या कडेपासून मोजा. मग दांडी किती ढकलली त्या प्रमाणाचा घन करा: अर्ध्या दांडीला एक अष्टमांश वेग. सावकाश पॅन तिथेच हातात येतो.

पायऱ्या मात्र कोडने जाणार नाहीत. मोटरच्या फेरीच्या २०० पायऱ्या × १६ × ४ म्हणजे हेडच्या फेरीला १२,८०० स्टेप, एकेक ०.०२८ अंशाची. २०० एमएमला चौकट जेमतेम १० अंशांची, म्हणजे फुल एचडीत प्रत्येक स्टेपला चित्र पाच पिक्सेल उडतं. टीएमसी२२०९ ड्रायव्हर बसवा. तो आतल्या आत एका पायरीचे २५६ पर्यंत भाग करतो. मोटरचा करंट नव्याने लावून घ्या.

पूर्ण वेग एका सेकंदात गाठेल असं ठेवून बघा. थांबताना नट चौकटीबाहेर जात असेल तर वेगाचा उतार चढावाच्या दुप्पट झपाट्याचा करा.