ट्रॅप कॅमेऱ्यासमोर चाटण वीट ठेवली आहे, आता काढावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

शेताच्या बांधापलीकडे रान सुरू होतं, तिथे गेलं वर्षभर मी एक ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावून ठेवतो. जमीन आमचीच आहे. शिकारीचा काही संबंध नाही, रात्री कोण येऊन जातं एवढंच बघायचं असतं. सुरुवातीचे कित्येक महिने हाती फारसं लागलं नाही. हलणारं गवत, एखादा ससा, एकदा चौकटीतून निसटणाऱ्या कोल्ह्याचं शेपूट. मग एकाने सांगितलं की गुरांसाठी मिळते ती खनिजांची चाटण वीट कॅमेऱ्यासमोर ठेव, हरणं आपोआप येतील.

ठेवली. पाच दिवस काही नाही. सहाव्या रात्री एक मादी आली, लांब उभी राहून वास घेतला आणि परत गेली. दुसऱ्या रात्री पाडसाला घेऊन आली. त्यानंतर रोज. तीन आठवड्यांत कार्डावर अठराशे फोटो झाले. मला फार आनंद झाला होता, तो लपवत नाही.

पण फोटो नीट चाळले तेव्हा लक्षात आलं की हे सगळे त्याच पाच-सहा हरणांचे आहेत. एकीचा कान फाटलेला आहे, त्यामुळे ती लगेच ओळखू येते. ती एकेका रात्री चाळीस-चाळीस मिनिटं तिथेच असते. दिवसा चरायला येणाऱ्या गाई-शेळ्यांनाही जागा सापडली. मध्ये पाऊस झाला, वीट अर्धी विरघळली, आणि आता जनावरं वीट सोडून खालची मातीच चाटतात. वीतभर खोल खळगा झाला आहे. गेल्या आठवड्यात दुपारी साडेचारला एक गाय लाळ गाळत त्या खळग्यात तोंड घालून उभी होती आणि संध्याकाळी सातला त्याच जागी ते पाडस. हे दोन फोटो एकापाठोपाठ पाहिले तेव्हापासून मनात धास्ती बसली आहे.

जाणकारांना विचारायचं ते असं. यातून प्राण्यांना अपाय होऊ शकतो का? वीट उचलली तरी माती खारट झालेली आहे, तिचं काय करायचं? आणि या फोटोंवरून आमच्या कडेला किती हरणं आहेत याचा काही अंदाज बांधता येईल, की ती सगळी मेहनत वाया गेली?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

आधी हरणं का आली ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. विटेवर खनिजांची लांबलचक यादी छापलेली असली, तरी प्राणी ओढला जातो तो मुख्यतः मिठासाठी, म्हणजे सोडियमसाठी. बहुतेक झाडपाल्यात सोडियम अगदी कमी आणि पोटॅशियम भरपूर असतं. कोवळ्या हिरव्या चाऱ्यात तर पोटॅशियम आणि पाणी दोन्ही जास्त, त्यामुळे असा चारा खाणाऱ्याच्या शरीरातून सोडियम आणखीच बाहेर पडतं. म्हणून नवी पालवी फुटते त्या दिवसांत चाटणावर गर्दी वाढते. मांस खाणाऱ्याला भक्ष्याच्या रक्तामांसातूनच सोडियम मिळतं, त्याला ही निकड नसते.

त्यात तुमची मादी पाडसाला पाजते आहे. दुधातून तिचं सोडियम, कॅल्शियम, फॉस्फरस सगळंच जातं. नरांना शिंगं वाढण्याच्या काळात खनिजं लागतात. दरवर्षी गळून नव्याने येणारी ती शिंगं म्हणजे हाडच असतं आणि त्यासाठीचं कॅल्शियम काही काळ स्वतःच्या बरगड्यांतून काढलं जातं. साळिंदर गळून पडलेली शिंगं कुरतडतं तेही खनिजांसाठीच. आफ्रिकेत माउंट एल्गनवर कितुम नावाची गुहा आहे, तिथे हत्ती अंधारात आत शिरून सुळ्यांनी भिंतीचा खारा खडक फोडून खातात. ही भूक इतकी खरी आहे. म्हणूनच तिचा वापर करताना जपायला हवं असं मला वाटतं.

प्रतिसाद २

मी पशुवैद्यक आहे. तुमची धास्ती योग्य आहे. वीट आजच उचला.

रानात हरणं विखरून चरतात. चाटणावर मात्र सगळ्यांची तोंडं हातभर जागेत येतात, आणि तीही रोज. लाळ, नाकातला स्राव, लघवी, लेंड्या सगळं त्याच मातीत, आणि तीच माती पुढचा प्राणी चाटतो. गुरं आणि रानातले खुरवाले प्राणी एका जागी आले की लाळ्या-खुरकूत, क्षयरोग यांसारख्या आजारांना दोन्ही बाजूंनी वाट मिळते. गाईचं हरणाला आणि हरणाचं गाईला. तुमच्या गाईची लाळ म्हणजे ती आजारीच आहे असं नाही, गाय एरवीही लाळ गाळते. पण तिचं तोंड आणि खूर एकदा बघून घ्या. फोड, लंगडणं, चारा सोडणं यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

उत्तर अमेरिकेत हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा आजार आहे. १९६७ साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. जिवाणू किंवा विषाणूमुळे नव्हे, तर प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे तो होतो. हरिण खंगत जातं आणि मरतं, उपाय नाही. हे प्रायॉन लाळेतून आणि विष्ठेतून बाहेर पडतात, चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. २०१८ साली विस्कॉन्सिनमधल्या चाटणांच्या जागा तपासल्या तेव्हा तिथल्या मातीत आणि पाण्यात ते सापडले. नॉर्वेत २०१६ साली रानटी रेनडिअरमध्ये हा आजार निघाला, आणि तिथे मेंढ्यांसाठी ठेवलेल्या मिठाच्या जागांकडेच संशयाने पाहिलं गेलं. नोर्डफ्येल्लाच्या त्या भागातला अख्खा कळप, सुमारे दोन हजार रेनडिअर, शेवटी मारावा लागला. तुमच्याकडे हा आजार आहे असं मी म्हणत नाही. चाटणाची एक जागा किती काळ त्रास देऊ शकते ते कळावं म्हणून सांगितलं.

आणखी एक. विटेच्या वेष्टनावर युरिया लिहिलेला आहे का ते बघा. युरियाची वीट रवंथ करणाऱ्या पाळीव जनावरांसाठी असते, तीही मोजून चाटायला. पावसाने मऊ झालेली अशी वीट एखाद्याने चावून खाल्ली तर अमोनियाची विषबाधा होते. मऊ झालेला तुकडा तिथे अजिबात ठेवू नका.

धागाकर्ता

डॉक्टर, खूप आभार. वीट आज सकाळीच उचलली. वेष्टन सापडलं, युरिया नाही. गाय शेजाऱ्यांची आहे, त्यांना फोटो दाखवून तोंड-खूर तपासायला सांगितलं, सगळं ठीक आहे. पण काल रात्री वीट असतानाही हरणं तिला न शिवता खळग्यातलीच माती चाटत होती. म्हणजे माझं काम अजून संपलेलं नाही.

प्रतिसाद ३

नाहीच संपलं. खारट झालेल्या मातीवर प्राणी पुढेही बराच काळ येत राहतात, आई आली की पाडसालाही जागा कळते. खळग्यातली आणि कडेची ओली, गुळगुळीत चाटलेली माती फावड्याने काढा. ती ओढ्यात किंवा शेतात टाकू नका, मीठ झाडांनाही बाधतं. गुरं आणि रानातली जनावरं पोचणार नाहीत अशा जागी खोल पुरा. खळगा आसपासच्याच साध्या मातीने भरून दाबा आणि वर काटेरी फांद्यांचा जाड थर द्या. हातमोजे घाला, फावडं आणि बूट धुवा. दर आठवड्याला जाऊन उकरलंय का ते पाहा. एका फेरीत काम होत नाही, फांद्या पुन्हा पुन्हा टाकाव्या लागतात.

प्रतिसाद ४

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर कुणी बोललेलं नाही, मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अठराशे फोटो म्हणजे अठराशे भेटी नव्हेत. मोजणी करणारे सहसा एकाच जातीच्या दोन फोटोंमध्ये अर्ध्या तासाचं अंतर असेल तरच ती वेगळी नोंद धरतात. तशी मोजणी केलीत तर तुमचा आकडा पटकन खाली येईल. पण तो खाली आलेला आकडाही चाटणाचाच आहे. दूधपित्या पिलांच्या माद्या जास्त दिसतील, एखाद्या महिन्यात नर जास्त दिसतील, आणि मिठात रस नसलेला कोल्हा एरवी समोरून गेला असता, तो गर्दीमुळे वाट बदलेल. आकर्षण ठेवून मोजणी कुणी करतच नाही असं नाही. मांसभक्षी प्राण्यांच्या पाहणीत वासाचं आमिष वापरतात, पण सगळ्या कॅमेऱ्यांपाशी सारखंच, आणि हिशेबात ते धरून. तुमचा कॅमेरा एकच. आधीचे महिने विटेविना आणि पुढचे तीन आठवडे विटेसह, यांची तुलना होत नाही. फाटक्या कानाची मादी इथे राहते आणि तिला यंदा पाडस आहे, एवढं मात्र तुम्हाला पक्कं कळलं. ते तारखेनिशी लिहून ठेवा.

आता विटेशिवाय काय करायचं ते. आधी कॅमेरा घरी ठेवा आणि दोन-तीन सकाळी नुसतं फिरा. खुरांचे ठसे, लेंड्या, कुंपणाखालची घसट, जिथे दोन वाटा एकमेकींना छेदतात ती जागा, पाण्याकडे उतरणारी वाट. जनावरं आपल्या मर्जीने जिथून जातात तिथे कॅमेरा न्या. झाडाला गुडघ्याच्या उंचीवर बांधा, वाटेपासून तीन-चार मीटर लांब. वाटेला काटकोनात रोखू नका, तिरपा लावा. काटकोनात प्राणी चौकट ओलांडून गेलेला असतो आणि शेपूट तेवढं मिळतं, तुमच्या कोल्ह्यासारखं. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येतो. समोरचं गवत कापा. सेन्सर प्राण्याच्या अंगाच्या आणि मागच्या जमिनीच्या उष्णतेतला फरक टिपतो, त्यामुळे उन्हात तापलेलं हलतं गवत त्याला फसवतं. भर दुपारी जमीन अंगाइतकीच तापली की समोरचा प्राणीही त्याला दिसत नाही. दुपारचे रिकामे तास पाहून निराश होऊ नका. रात्रीचा इन्फ्रारेड फ्लॅश ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा असेल तर उत्तम. ८५० च्या फ्लॅशची लालसर चमक काही प्राण्यांना कळते आणि ते थबकतात.

आणि एकदा लावलात की किमान महिनाभर तिकडे जाऊ नका. रोज जाऊन कार्ड बघण्याचा मोह मला समजतो, पण आपल्या वासाने वाट मोडते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. माती काढून पुरली, काटे टाकले. दोनदा उकरलेलं सापडलं, दोन्ही वेळा पुन्हा टाकले. गेले बारा दिवस फांद्या जागच्या जागी आहेत.

कॅमेरा कुंपणाजवळच्या एका आडवाटेवर हलवला, सांगितल्याप्रमाणे तिरपा. आज पस्तीस दिवसांनी कार्ड काढलं. फक्त एक्काहत्तर फोटो आहेत. अर्ध्या तासाच्या हिशेबाने सव्वीस भेटी. रानडुकरं, दोन साळिंदरं, कोल्हा या वेळी नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण, आणि एक नर हरिण, जो विटेवर एकदाही आला नव्हता. फाटक्या कानाची मादी एकदाच दिसली, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. पाडस मागे आहे, बरंच वाढलंय. ती थांबली नाही, कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही.

तारीख वहीत लिहिली आहे.