मुलासाठी आतापासून रिव्हॉल्वर घेऊन ठेवावं का? कोणतं?

काटोल_रोडवाला
नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात, शेती काटोलच्या पुढे, संत्र्याचा बगीचा. घरी आजोबांची बारा बोअरची दुनाळी आहे. आजोबांकडून बाबांकडे, बाबांकडून माझ्याकडे आली. रानडुकरांच्या भानगडीमुळे लायसन नीट चालू ठेवलंय. त्यावर अजून एका हत्याराची जागा शिल्लक आहे.

मुलगा नऊ वर्षांचा. मला जशी दुनाळी मिळाली तसं त्यालाही माझ्याकडून काहीतरी मिळावं असं डोक्यात आहे. बत्तीस बोअरचं छोटं हत्यार आत्ताच घेऊन बाजूला ठेवावं, तो मोठा झाला की त्याच्या नावावर करावं. प्रश्न एवढाच, की तीस वर्षं दगा देणार नाही असं कोणतं? कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्वर, तिथलंच नवीन 'प्रबळ' रिव्हॉल्वर, की पिस्तूल? वर्ध्याचे एक नातेवाईक जुनं वेब्ली अँड स्कॉट, म्हणजे इंग्लंडचं हत्यार, विकताहेत, पण भाव ऐकून बायकोनं नुसतं पाहिलं माझ्याकडे.

संत्रानगरी_७७
अंबाझरीत आपली सरकारी आयुध फॅक्टरी असताना कानपूरला काऊन पळता बे? इथूनच घ्या ना.

जुना_लायसनवाला
आधी अंबाझरीचं. तिथं पिस्तूल-रिव्हॉल्वर बनत नाही, तोफगोळ्यांची कवचं वगैरे बनतात. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय आपल्या नागपुरात आलं, म्हणून लोकांचा हा गैरसमज आणखीच पक्का झालाय. छोटी हत्यारं कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्सकडे गेली.

आता काटोलवाले भाऊ, तुमच्यासाठी. कोणतं घ्यायचं ते मागाहून. "मुलासाठी घेऊन ठेवणं" असा प्रकार आपल्या कायद्यात बसतच नाही. २१ च्या आत लायसन नाही. तोवर हत्यार तुमचं, जबाबदारी तुमची, आणि अर्जात कारणही तुमचं स्वतःचं लागेल. सिव्हिल लाइन्सला आयुक्तालयात जाऊन "पोराला पुढे देईन म्हणतो" असं सांगाल, तर अर्ज तिथेच बसेल.

शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाची सोय आहे. लायसनधारक वारला तर वारसाला, किंवा जिवंतपणी द्यायचं असेल तर धारक ७० चा झाल्यावर किंवा हत्यार २५ वर्षं बाळगल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा. तुमचं वय चाळिशीच्या आसपास धरतो. आज घेतलं तर २५ वर्षांनी तुम्ही पासष्टीत, पोरगा चौतिशीत. एकविसाव्या वाढदिवसाला हातात ठेवायचं स्वप्न असेल तर या वाटेनं ते होत नाही.

दुसरी वाट, मुलगा २१ चा झाला की त्यानं स्वतःच्या गरजेवर स्वतःचं लायसन काढायचं. मग तुम्ही लेखी कळवून, ४५ दिवस थांबून, त्याला हत्यार देऊ शकता. पण त्याला लायसन मिळेलच याची खात्री आज कोण देणार? नाही मिळालं तर तुमच्या मागे ते ठाण्यात नाहीतर दुकानदाराकडे जमा करावं लागेल.

आणि एक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच हत्यारं, वारशानं आलेलीही त्यातच मोजतात. दुनाळी आणि रिव्हॉल्वर दोन्ही त्याला दिली की त्याचा कोटा संपला. त्याला पुढे नेमबाजीची आवड लागली तर? (नामांकित नेमबाजांना सवलत असते, पण ती आधी नाव कमावल्यावर.)

एवढं ऐकूनही स्वतःसाठी घ्यायचंच असेल तर माझं मत रिव्हॉल्वरला. कानपूरचं जुनं मॉडेल वेब्लीच्या धर्तीवरचं, मधोमध मोडून गोळ्या भरायच्या. त्यात पहायची जागा म्हणजे बिजागरी आणि वरची खिट्टी. रिकामं असल्याची खात्री करून, बंद करून नळी धरून हलवा. खुळखुळलं तर परत ठेवा, दुकानदार कितीही "भाऊ, हे असंच असतं" म्हणो. प्रबळ २०२३ मध्ये आलं, त्याची गोळ्यांची चकरी बाजूला उघडते, वजन ७०० ग्रॅमच्या आत. हाताळायला सोपं, पण तीस वर्षं टिकतं की नाही हे तीस वर्षांनीच कळेल. पिस्तूल चांगलंच असतं, फक्त मॅगझिनचे, म्हणजे गोळ्यांच्या डबीचे, ओठ (वरच्या कडा) वाकले की अडकायला लागतं, आणि तेच मॅगझिन वीस वर्षांनी कुठे शोधाल?

वेब्लीचा नाद सोडा. परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसासाठी बंद आहे, म्हणून भाव चढलाय. तो भाव लोखंडाचा नाही, टंचाईचा आहे. सुटे भाग तर विचारूच नका.

पिस्तूलवाल्या_पोरीची_आई
मध्येच बोलते. माझी मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. ४.५ मिलिमीटरचं, २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल घ्यायला लायसन लागत नाही. मुलाला आत्ताच हत्यार हाताळायची शिस्त लावायची असेल तर क्लबात पाठवा. आमच्या सरांनी पहिले कित्येक दिवस छरा भरूच दिला नव्हता. फक्त उभं राहणं, श्वास, नळी कायम निशाण्याकडे, बोट चापाबाहेर. पोरगी वैतागली होती, आता मलाच शिकवते.

आणि बाबांनी कपाटात "तुझ्यासाठी" काहीतरी ठेवलंय हे नऊ वर्षांच्या पोराला कळलं, तर तो ते कपाट उघडणारच.

काटोल_रोडवाला
जुनावाले काका, चौतिशीचा हिशेब मी केलाच नव्हता. रिव्हॉल्वर तूर्त बाजूला ठेवतो, ताईंच्या क्लबबद्दल मेसेज करतो. पण दुनाळीची पंचविशी माझ्या नावावर लवकरच भरेल, ती तरी त्याच्यासाठी धड राहिली पाहिजे. सध्या आजोबांच्याच चामड्याच्या म्यानात असते.

जुना_लायसनवाला
आजच काढा बाहेर! चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला खातात. आपल्याकडे मे महिन्यात काही वाटत नाही, पण जुलैत त्याच म्यानात गंजाचे बारीक ठिपके उठतात, आधी कुठे तर नळीच्या बाहेरून, जिथं शिवण टेकते तिथं. आतून-बाहेरून पुसा, बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त तेल नको, उन्हाळ्यात ते चिकट होऊन धूळ धरतं. सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात त्या बदलत राहायच्या. काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या तुमच्याजवळ. सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जासोबत लिहून दिलेलीच असते आपण. आणि निवडणुकीत ठाण्यात जमा कराल तेव्हा पावतीवर नंबरासोबत "गंज नाही" असंही लिहून घ्या. परत घेताना तिथेच उघडून बघा, घरी येऊन नको.