मदत हवी आहे: लॅमोट्रिजिन आणि गर्भनिरोधक गोळ्या

बायपोलरसाठी मी तीन वर्षं लॅमोट्रिजिन घेतेय. दोन महिन्यांपूर्वी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या आणि मन पुन्हा खचायला लागलं. परवा कणीक मळताना एकदम रडूच कोसळलं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, या गोळ्यांमुळे लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं, आणि २१ गोळ्या संपून ७ दिवस खंड पडला की ते पुन्हा चढतं. गोळ्या लिहून देताना मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, फार वाईट वाटलं.

आता डोस वाढवायचा की तांबी बसवायची, हे शुक्रवारी ठरेल. तांबीत हार्मोन नसतात, पण पाळीत माझ्या अंगावरून आधीच खूप जातं. कुणी यातून गेलंय का? डोस वाढवल्यावर त्या ७ दिवसांत चक्कर, एकाचे दोन दिसणं असं काही झालं का? प्लीज सांगा.