शब्दचर्चा : आदान, प्रदान आणि नोंद

प्रश्न : नववीच्या मुलांसाठी यूपीआयवर टिपण लिहितेय. इनपुटला ‘आदान’ म्हणू की ‘निविष्टी’? आणि स्टोरेजला ‘साठवण’ चालेल का?

उत्तर : ताई, इनपुट-आउटपुटला आदान-प्रदान हीच जोडी घ्या. निविष्टीत नुसतं आत बसणं आहे. कोणी दिलं, कोणी घेतलं ते दिसत नाही. जाळ्यातल्या यंत्रांत तर तेच महत्त्वाचं. भाजीवालीचा क्यूआर स्कॅन केला, ४० रुपये टाकून पिन दाबला, हे झालं फोनचं आदान. फोन तो मजकूर कूटबद्ध करून धाडतो, ते त्याचं प्रदान. आणि तेच ॲपमागच्या बँकेचं आदान. ती बँक तो मजकूर एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या) स्विचकडे, म्हणजे बँकांमधले निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्रणेकडे देते. मग आपली बँक पिन आणि शिल्लक तपासून पैसे वजा करते (पिन तपासायचं काम तिचंच, ॲपचं नव्हे), आणि स्विच भाजीवालीच्या बँकेला जमा करायला सांगतो. एकाचं प्रदान ते दुसऱ्याचं आदान, असं शेवटपर्यंत. ‘प्रक्रिया’ शब्द रुजलेलाच आहे, त्याला हात लावू नका.

दुसरं उत्तर : आदान-प्रदान मान्य. ‘साठवण’ मात्र सरसकट नको. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पेमेंटची सगळी माहिती भारतातच ठेवायला सांगितली, तिथे साठवण शोभतं. पण दोन्ही बँकांच्या खात्यांत वजा आणि जमा पडते ती ‘नोंद’. एनपीसीआय निरोप आणि हिशेब सांभाळते, आपले पैसे तिच्याकडे नसतात. पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर १२ अंकी संदर्भ क्रमांकावरून घोडं कुठे अडलं ते शोधतात.

प्रश्न : आणि दुकानातला स्पीकर बोललाच नाही तर?

दुसरं उत्तर : तर एक प्रदान चुकलं, एवढंच. स्पीकरला निरोप वेगळा जातो. त्याची रेंज गेली म्हणून जमेची नोंद पुसली जात नाही. उलट नोंदच झाली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराच्या व्यवहारात ही मुदत पाच दिवसांची. पुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई. ताई, हे मुलांना जरूर सांगा, घरी मोठ्यांच्याही कामी येईल.